मिरचीचा तिखटपणा आणि खाणाराची जीभ

आपल्या जालना जिल्ह्यात, आणि त्यातही भोकरदन तालुक्यात, हिरवी मिरची हे परसातले किंवा बांधावरचे पीक राहिलेले नाही. अनेक कुटुंबांचा वर्षाचा चरितार्थ तिजवर अवलंबून आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हंगामाचा माल येऊ लागला म्हणजे तेथे एक वाद हमखास ऐकू येतो. घेणारा एक मिरची उचलतो, तिचा शेंडा मोडून जिभेवर ठेवतो आणि म्हणतो, माल फिका आहे. देणारा म्हणतो, या शिवारात याहून जहाल मिरची असेल तर दाखवा. शेजारी उभा असलेला तिसरा कोणी कुतूहलाने तीच मिरची चाखतो आणि उपरण्याने डोळे पुसू लागतो. या तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नसतो. एकाच फळाने तीन तोंडांत तीन प्रकारची आग लाविली, इतकेच.

विषय करमणुकीचा वाटेल, परंतु त्यात शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला आहे. कोणती जात लावावी, आलेला माल जहाल म्हणून विकावा की मध्यम म्हणून, हे पुष्कळ शेतकरी स्वतःच्या तोंडास विचारून ठरवितात. आमचे मत असे की, मिरची पिकविणाराची जीभ हा मिरची मोजण्याचा सर्वांत बेभरवशाचा काटा होय. ती कशामुळे, हे समजण्यासाठी तिखटपणा फळात कोठे असतो आणि तोंडात गेल्यावर काय करतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास लागली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटाचे काम मिरे, पिंपळी व आले यांजकडे होते, आणि नव्या फळास मिरची हे नाव मिऱ्यावरूनच मिळाले. तेव्हा ज्या ठेच्यावाचून आपल्याकडे भाकरीचा घास उतरत नाही, तो आपल्या खापरपणजोबांच्याही पूर्वजांस ठाऊक नव्हता.

मिरचीतील तिखट द्रव्यास शास्त्रात कॅप्सेसीन म्हणतात. ते बियांत असते असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. फळ उभे चिरले असता आत देठाकडून निघालेला जो पांढरट मगज दिसतो, ज्यास बी चिकटलेले असते, तेथे हे द्रव्य तयार होते. बियांस ते केवळ सहवासाने लागते. हा मगज देठाकडे दाट व शेंड्याकडे विरळ असतो. सबब शेंडा मोडून चाखण्याची जी बाजाराची रीत आहे, तिने मिरचीच्या सौम्य भागाचीच परीक्षा होते. ज्या गृहिणीस भाजी सौम्य करावयाची असेल तिने बी झटकून न थांबता हा मगज खरवडून काढावा.

आता तोंडातील गोष्ट. तिखट ही खरे पाहता चव नव्हे. आपले जुने वैद्यक त्यास कटु नावाने सहा रसांत गणते व भोजनाच्या दृष्टीने ती गणना सोयीची आहे. परंतु गोड, खारट, आंबट व कडू यांची जाणीव जिभेवरील रुचिकलिकांमुळे होते, तर तिखटाची जाणीव वेदना व उष्णता कळविणाऱ्या मज्जातंतूंमुळे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड जूलियस व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली या तंतूंच्या टोकावरील ते विशिष्ट प्रथिन शोधून काढले, ज्यावर कॅप्सेसीन जाऊन बसते. त्यास टीआरपीव्ही-१ असे नाव आहे. हेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेंटिग्रेडच्या वर उष्णता गेली म्हणजे जागे होते. म्हणून मिरची खाल्ल्यावर तोंड भाजले असे आपण म्हणतो ती अतिशयोक्ती नाही. मेंदूस निरोप भाजल्याचाच जातो, जरी प्रत्यक्ष भाजलेले काहीच नसते. या शोधाबद्दल जूलियस यांस २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ठेच्यावर ऊन ऊन चहा घेतला असता तोंडाची आग दुणावते, याचे कारण येथे सापडते: दार एकच आणि त्यावर ठोठावणारे दोन.

हे तंतू केवळ जिभेवर नाहीत. डोळ्यांत, नाकात, श्वासनलिकेत, आतड्यात आणि त्वचेतही आहेत. मिरची कांडताना उठणाऱ्या खकाण्याने साऱ्या आळीस ठसका लागतो तो यामुळेच. पक्ष्यांच्या शरीरातील हेच प्रथिन मात्र किंचित निराळ्या घडणीचे असून त्यावर कॅप्सेसीनचा परिणाम होत नाही. पोपट मिरच्या खुशाल खातो त्यात त्याचे धैर्य काही नाही. त्यास तिखट लागतच नाही. अमेरिकेतील अरिझोना प्रांतात रानमिरचीवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पक्षी फळे खाऊन बी अखंड दूर टाकतात, तर उंदरांच्या जातीचे प्राणी तिखट फळांस तोंड लावीत नाहीत. हे प्राणी बी चावून नष्ट करतात. म्हणजे वनस्पतीने ही आग कोणासाठी पेटविली आहे हे उघड आहे. माणूस हा हट्टाने त्या आगीत शिरलेला सस्तन प्राणी होय.

माणसामाणसांत जो फरक पडतो त्याचा काही भाग जन्मतःच येतो. फिनलंडमधील जुळ्या भावंडांवर केलेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिखट आवडण्या-नावडण्यातील फरकाचा १८ ते ५८ टक्के इतका वाटा आनुवंशिक असल्याचे आढळले. आकड्यांची ही मर्यादा रुंद आहे, यावरून अचूकपणाचा आग्रह धरू नये. परंतु रक्ताचा वाटा आहे आणि तो सर्वस्व नाही, एवढे त्यातून निश्चित होते. सख्ख्या दोघा भावांत एक ताटात हिरवी मिरची मागून घेतो व दुसरा आमटीस हात लावीत नाही, असे घरोघर दिसते. त्यास लाड किंवा नखरा म्हणण्याची घाई करू नये.

कडू चवीच्या बाबतीत तर जन्मजात फरक फारच स्पष्ट आहे. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका द्रव्याची भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांस काहीच लागले नाही. दोघांनी ते द्रव्य चाखून पाहिले, तरी मतभेद कायम. पुढे पुष्कळ लोकांवर तोच प्रयोग झाला व ही गोष्ट पिढीजात असल्याचे ठरले. त्यास कारण असणारा जनुक २००३ साली सापडला. कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळातील भाज्यांत या द्रव्याशी साम्य असणारे पदार्थ असतात. मुळ्याच्या भाजीस एखादे मूल नाक मुरडते तेव्हा त्याच्या जिभेवर आपल्या जिभेहून वेगळे काही घडत असण्याचा संभव आहे.

तिखटाकडे परत येऊ. जन्माच्या वाट्याहून शेतकऱ्यास अधिक उपयोगी असा वाटा सवयीचा आहे. ज्या तंतूंवर कॅप्सेसीनचा मारा वारंवार होतो ते हळूहळू बोथट होतात, आणि मारा थांबला की पुन्हा तीक्ष्ण होतात. दोन वेळा ठेचा खाणाऱ्या माणसास रुग्णालयात महिनाभर पथ्याचे जेवण मिळाले, तर घरी आल्यावर पहिल्या घासास त्याच्या डोळ्यांत पाणी येते. शिवाय सवय केवळ तंतूंची नसते, मनाचीही असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९८० च्या सुमारास मेक्सिकोतील डोंगराळ भागातील एका खेड्यात याचा अभ्यास केला. तेथे लहान मुलांस तिखट सक्तीने चारीत नाहीत. मोठी माणसे खाताना पाहून मुले स्वतःहून थोडे थोडे घेऊ लागतात आणि पाचसहा वर्षांची होईतो ते त्यांस आवडू लागते. नवल असे की, त्याच घरांतील कुत्री व डुकरे मिरची लागलेले उष्टे रोज खात असूनही त्यांस तिखटाची आवड उत्पन्न झालेली नव्हती. आग लागली आहे पण जळत काहीच नाही, हे जाणून तिची मौज घेणे मनुष्यासच साधलेले दिसते.

आपल्याकडील माउलीही हेच करीत आली आहे. दूधभाकरीवरून वरणभात, वरणभातावरून पातळ आमटीत कुस्करलेली भाकर, असे मूल वर चढत जाते. यात घाई करण्याचे प्रयोजन नाही. अलीकडे मात्र पंगतीत मुलाच्या तोंडात मिरची कोंबून त्याची फजिती पाहण्याची हौस कोठे कोठे दिसते, आणि तिखट खाईल तोच मर्द, असे वर सांगण्यात येते. ही क्रूर थट्टा आहे. लहान मुलाचे तंतू ताजे असतात; बापास जे चुरचुरते ते त्यास भाजते. तसेच बाहेरच्या मुलखातून आलेल्या सुनेचे. नारळ व आमसुलाच्या जेवणावर वाढलेल्या कोकणातील मुलीस मराठवाड्याची येसर आमटी पहिल्याच दिवशी गोड लागावी, ही अपेक्षा सासूने करू नये. आणि खानदेशातून आलेल्या सुनेच्या हातच्या भाजीने सासऱ्याचे पोट बिघडले तर तो तिचा दुष्टपणा समजू नये. स्वयंपाक बेताचा तिखट करून ज्यास हवा त्याच्या पानात ठेचा वेगळा वाढावा. तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सेसीन पाण्यात विरघळत नाही. ते स्निग्धात विरघळते आणि दुधातील प्रथिन त्यास तंतूंपासून सोडविते. आपल्या ताटातील दही, ताक, भाकरीवरचे तूप यांची योजना म्हणूनच शहाणपणाची आहे.

जन्म व सवय यांखेरीज एक तिसरे कारण आहे, आणि त्याविषयी आम्ही वाचकांस विशेष सावध करू इच्छितो. आजवर झणझणीत खाणाऱ्या मनुष्यास एकाएकी साधे कालवणही झोंबू लागले, तर ती जिभेची लहर समजू नये. सुपारी, मावा किंवा गुटखा चघळणाऱ्या माणसाच्या गालाच्या आतील त्वचा हळूहळू ताठर व फिकट होते. पुढे तोंड पुरते उघडत नाही, आणि कित्येकांत त्यातून कर्करोग उद्भवतो. तिखट सोसेनासे होणे, घासागणिक तोंडाची आग होणे, हे या रोगाचे अगदी आरंभीचे लक्षण असते. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तथापि तो खेडोपाडी मिळतो हे आपण सर्व जाणतो, आणि सुपारी-तंबाखूचा मावा तर उघड घोटला जातो. शेतावरील गडी किंवा घरातील तरुण मुलगा भाजी तिखट झाल्याची तक्रार अलीकडेच करू लागला असेल आणि त्यास हे व्यसन असेल, तर भाजीस दोष न देता त्याचे तोंड दंतवैद्यास दाखवावे. तीन बोटे उभी धरून ती तोंडात जातात की नाही हे घरीही पाहता येते. मात्र ती गेली म्हणून निर्धास्त राहू नये. वैद्यास दाखविणे टाळू नये. व्यसन त्याच दिवशी सुटले पाहिजे.

सवयीने तोंड बोथट होते तसे हातांचे डोळ्यांचे होत नाही. मिरचीच्या तोड्यावर दिवसभर राबणाऱ्या बायांच्या हातांची रात्री भगभग होते. त्याहून कठीण काम बी काढण्याचे. जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे बियाणे कंपनी स्थापिली आणि पुढे १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या परंपरेतून या भागात शेडनेटखाली भाजीपाल्याचे संकरित बी करण्याचा व्यवसाय वाढला आहे. मिरचीचे बी काढणे म्हणजे तोच पांढरा मगज हातांनी फोडणे. सर्व कॅप्सेसीन तेथेच एकवटलेले. येथे मालकाने मजुरणीस, तुला सवय आहे, असे म्हणून भागणार नाही. रबरी हातमोजे द्यावेत. काम संपल्यावर हात नुसत्या पाण्याने धुवू नयेत. प्रथम गोडे तेल चोळून पुसून काढावे, नंतर साबण लावावा. अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईने तेल-साबणाने हात धुतल्यावाचून मुलास घेऊ नये. डोळ्यास हात लागलाच तर स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुवावा. डोळ्यात तेल-तूप घालू नये.

आता फळातील फरकाविषयी. तिखट असणे व नसणे हे मुख्यतः एका जनुकावर ठरते आणि त्यात तिखटपणा प्रबळ असतो. आपल्या देशात आर. बी. देशपांडे यांनी १९३५ साली मिरचीच्या तिखटपणाच्या आनुवंशिकतेवर निबंध प्रसिद्ध केला होता, त्या काळापासून ही गोष्ट अभ्यासकांस परिचित आहे. ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते, असे सांगणारे शेतकरी भेटतात. त्या हंगामाच्या फळाविषयी हे खरे नाही. फळाचा मगज हा आईच्या झाडाचाच भाग असतो, परागाचा नव्हे. परंतु त्या फळाचे बी धरून पुढील वर्षी लावले, तर लवंगीचा पराग लागलेल्या बियांची झाडे तिखट निघतील, आणि त्यांचेही बी धरल्यास तिसऱ्या वर्षी चारांत सुमारे तीन तिखट व एक फिके अशी भेसळ होईल. घरचे बी धरणाऱ्याने अंतर राखावे किंवा फुले कापडाने झाकावी.

तिखट किती, हे मात्र पुष्कळ जनुकांवर व शिवाय हवापाण्यावर अवलंबून असते. कडक ऊन व पाण्याचा ताण यांनी बहुतेक जातींत तिखटपणा वाढतो. भरपूर पाणी व ढगाळ हवा यांनी तो कमी होतो. फळ कोवळे असता फिके असते, फूल गळाल्यापासून तीन आठवड्यांनी तिखट भरू लागते व सहासात आठवड्यांपर्यंत वाढते. एका झाडावरील बुडखीची व शेंड्याची फळेही सारखी नसतात. रंगाचा व तिखटाचा संबंध नाही: कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याची ब्याडगी मिरची गडद लाल असून सौम्य आहे, आणि तिचा मान तिच्या रंगामुळे आहे. तिला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. उलट ईशान्येकडील भूत जोलोकिया दिसण्यात बेताची, पण २००७ साली गिनेस पुस्तकाने तिचा तिखटपणा दहा लाख स्कोव्हिल एककांहून अधिक नोंदविला.

हे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या विल्बर स्कोव्हिल यांची १९१२ ची रीत आपल्या विषयास फार बोधप्रद आहे. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जावयाचा व पाच चाखणारांपैकी तिघांस तिखट लागेनासे झाले म्हणजे किती पट पातळ केले तो आकडा घ्यावयाचा. या हिशेबाने ढोबळी शून्यावर व शुद्ध कॅप्सेसीन एक कोटी साठ लाखांवर येते. स्कोव्हिल यांनी एकट्या माणसावर विश्वास ठेविला नाही, हे ध्यानात घ्यावे. तरीही जिभा बदलल्या की आकडे बदलत, म्हणून आज प्रयोगशाळांत यंत्राने थेट कॅप्सेसीनच मोजतात.

प्रत्येक शेतकऱ्यास यंत्र परवडणारे नाही, पण चाखण्याची रीत सुधारता येईल. आम्ही सुचवितो ती अशी. नवी जात लावण्यापूर्वी किंवा मालाचा भाव ठरविण्यापूर्वी, दहा झाडांवरून सारख्या वयाची एकेक मिरची घ्यावी आणि देठ काढून मगजासह एकत्र वाटावी. आपल्या नेहमीच्या माहितीतील एखाद्या जातीचेही तसेच वाटण करावे. दोहोंचे सारखे वजन तांदळाच्या सारख्या पेजेत थोडे गोडे तेल घालून कालवावे. चाखणारे पाच असावेत आणि त्यांत निदान दोघे तरी कमी तिखट खाणारे असावेत. तंबाखू किंवा मावा खाणारा एकही नसावा. वाट्यांवर नावे न घालता खुणा घालाव्यात. लागोपाठ घास घेतल्याने आग चढत जाते, आणि मध्ये पंधरावीस मिनिटे थांबल्यास जीभ बधिर होते. त्यामुळे दुसरा घास पहिल्यासारखा कधीच लागत नाही. यास्तव तिघांनी एक वाटी आधी चाखावी व दोघांनी दुसरी, आणि पुढल्या दिवशी क्रम उलटा करावा. किती तिखट हे विचारू नये. कोणती अधिक तिखट, एवढेच विचारावे. ज्या वाटीकडे कमी तिखट खाणाऱ्यांचे व अधिक खाणाऱ्यांचे दोघांचेही बोट जाते, तिजविषयी खात्री बाळगावी. मतभेद झाल्यास दोन्ही जाती जवळपास सारख्या समजाव्यात. निकाल तारीख घालून वहीत लिहावा, सोबत त्या आठवड्यात पाणी किती दिले व पाऊस झाला की नाही हेही लिहावे. पहिल्या तोड्याचा निकाल चौथ्या-पाचव्या तोड्यास लावू नये. पावसाळा सुरू झाल्यावर तेच झाड निराळा माल देते, आणि घेणाऱ्याने तो फिका म्हटला तर तो बहुधा खरेच फिका असतो.